गीत मुरायला वेळ लागतो

(होळी, वसई येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय पत्रिकेवर छापला आहे: ‘जुन्या ख्रिस्ती भक्तिगीतांचे भावसामर्थ्य’. पत्रिकेवर तो शोभतो. बाहेर होळीच्या बाजारात भाजी घेणाऱ्या एखाद्या बाईला विचारलं, तर ती म्हणेल, जुनं गीत कानावर पडलं की डोळे भरून येतात, त्यात दीड तास बोलण्यासारखं काय आहे? तिचं बरोबर आहे. मला फक्त एवढंच तपासायचं आहे, की डोळे भरून येतात ते कशामुळे. चालीमुळे? शब्दांमुळे? की ज्या घरी, ज्या दिवशी ते गीत पूर्वी ऐकलं त्या दिवसामुळे?

ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना असले प्रश्न आवडत नसत. कोणी अर्थ विचारला तर ते पेटीचा भाता हलवत म्हणत, “आधी गा, अर्थ मागून येईल.” मला वाटतं, आज मी जे सांगणार आहे ते सगळं या एका वाक्यात होतं. पण व्याख्यानाला बोलावल्यावर एका वाक्यात बसता येत नाही.

सुरुवात जरा लांबून करतो. इसवी सन ३८६, इटलीतलं मिलान शहर. राजमाता जस्टिना हिला आपल्या पंथासाठी शहरातलं एक चर्च हवं होतं आणि बिशप अँब्रोज ते द्यायला तयार नव्हते. सैनिक आले. लोक बिशपबरोबर मरायची तयारी ठेवून चर्चमध्ये रात्रंदिवस बसून राहिले. आपल्याकडे याला धरणं म्हणतात, आणि वसईकरांना धरणं म्हणजे काय ते सांगायला नको. दिवस लांबले, माणसं खचू लागली. तेव्हा पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी मिळून स्तोत्रं आणि गीतं म्हणायची, असं ठरलं. मिलानमधलं सामुदायिक गायन असं सुरू झालं. त्या धरण्यात मोनिका नावाची एक विधवा होती. तिचा मुलगा ऑगस्टीन त्या वेळी शहरात होता, पण अजून बाप्तिस्मा न घेतलेला.

अँब्रोज यांच्या गीतांचा घाट पाहा. चार ओळींचं कडवं, ओळीला आठ अक्षरं, अशी आठ कडवी. आपल्या लहान अभंगाचा चरणही साधारण आठ अक्षरांचाच. कोणी कोणाचं उचललं, असं मुळीच नाही. शेतावरून आलेला, कधी गाणं न शिकलेला माणूस एका श्वासात जेवढं आरामात म्हणू शकतो, तेवढंच माप दोघांनी धरलं. मिलानच्या बिशपने आणि देहूच्या वाण्याने.

पुढच्याच वर्षी, ३८७ मध्ये, ओस्तियाच्या बंदरात मोनिका वारली. ऑगस्टीनने आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात तो दिवस लिहून ठेवला आहे. आईचे डोळे त्याने स्वतः मिटले. घरातला लहान मुलगा मोठ्याने रडायला लागला, त्याला गप्प केलं. इव्होडियस नावाच्या मित्राने स्तोत्रसंहिता घेऊन एक स्तोत्र सुरू केलं आणि सगळ्या घराने त्याला प्रतिसाद दिला. ऑगस्टीनच्या डोळ्यांत मात्र पाणी नाही. कबरीवरून परत येईपर्यंत नाही. आंघोळीने मन हलकं होतं असं त्याने ऐकलं होतं, म्हणून आंघोळही करून पाहिली. काही उपयोग झाला नाही. मग तो झोपला. जाग आल्यावर अंथरुणात एकटा पडलेला असताना त्याला अँब्रोज यांचं संध्याकाळचं गीत आठवलं, आणि मग बांध फुटला.

हा माणूस वक्तृत्वाचा प्राध्यापक. शब्दांवर पोट भरलेला. आईच्या मरणाच्या दिवशी त्याच्या पदरचा एकही शब्द कामाला आला नाही, दुसऱ्याचं पाठ असलेलं गीत आलं. तसं का झालं, ते तो सांगत नाही. माझा तर्क असा, की मिलानच्या चर्चमध्ये मोनिका तीच गीतं गात होती. गीत आठवलं, म्हणजे त्या आवाजांतला एक आवाज आठवला.

आता आपल्या मातीत येऊ. संत गोन्सालो गार्सिया वसईचा. किल्ल्यात त्याच्या नावाच्या चर्चचे अवशेष आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. त्या दिवसाचा जो जुना वृत्तांत चर्चच्या प्रार्थनाग्रंथात दर वर्षी वाचला जातो, त्यात दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. गोन्सालो मोठ्याने ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि ‘नमो मरिया’ म्हणत राहिला. आणि अंतोनी नावाच्या एका जपानी मुलाने क्रुसावरूनच एक स्तोत्र गायला सुरुवात केली. वृत्तांत लिहिणारा पुढे सहज एक वाक्य घालतो: हे स्तोत्र तो नागासाकीतल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकला होता; तिथे मुलांना काही स्तोत्रं शिकवतात.

मला त्या वर्गातल्या शिक्षकाचा हेवा वाटतो. त्याला कुठे माहीत होतं की आपण आज दुपारी जे घोकून घेतोय ते कधी आणि कुठे म्हटलं जाणार आहे.

आपल्या वसईत लॅटिन गीतं अशीच घोकली गेली. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कुपारी समाजातला मुलगा घरी कादोडी बोली बोलायचा, शाळेत मराठी वाचायचा आणि चर्चमध्ये लॅटिन गायचा. लॅटिनचा एक शब्द त्याला कळत नव्हता, पण ‘तांतुम एर्गो’ सुरू झालं की आता गुडघे टेकायचे आणि धुपाचा वास येणार, हे कळत होतं. हे गीत तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांच्या एका मोठ्या गीताची शेवटची दोन कडवी आहेत, हे त्या मुलाला कोणी सांगितलं नाही. सांगून काही फरकही पडला नसता.

मे महिन्यात गावोगावच्या क्रुसांपाशी संध्याकाळी मरियेची लितानी, म्हणजे हाक आणि प्रतिसादाची प्रार्थना, होई. गोव्याकडे तिला लदीन म्हणतात. आमच्या आळीत ती सुरू करायचा मान एका म्हातारीकडे होता. तिला सूर सापडायला वेळ लागे. पहिल्या दोन हाका ती इतक्या खालच्या पट्टीत देई, की पुरुषांचे आवाज घशातच राहत. मग बायकांपैकी कोणीतरी न सांगता अर्धा सूर वर चढवी, म्हातारी तिच्या मागे जाई, आणि पाचव्या-सहाव्या हाकेला सगळी आळी एका पट्टीत आलेली असे. प्रतिसादाचे तीन लॅटिन शब्द वर्षानुवर्षं एकमेकांत विरघळून एकच शब्द झाले होते. रोममधल्या एखाद्या लॅटिन पंडिताला तो कळला नसता. मरियेला कळत असावा.

१९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचा उपासनाविधीवरचा दस्तऐवज आला आणि दोन-तीन वर्षांत मिस्सा मराठीत झाली. याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ते व्हायलाच हवं होतं, उशिरा झालं. आपल्या भाषेत देवाशी बोलायला कोणाची परवानगी लागू नये. पण त्या वेळच्या पन्नाशीतल्या माणसांचं काय झालं, याचा विचार कोणी फारसा केला नाही. त्यांच्या आईवडिलांना ज्या गीताने मातीआड केलं, ते गीत त्यांच्या स्वतःच्या वेळी नसणार होतं. ‘दिएस इरे’ हे अंत्यविधीचं शेकडो वर्षांचं गीत सुधारलेल्या विधीतून गेलं. त्याचा अर्थ भयंकर आहे, न्यायाच्या दिवसाचा, आणि आजच्या धर्मगुरूंना तो मयताच्या घरच्यांसमोर नको वाटला, हे मी समजू शकतो. तरीही त्याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान द्यावं असंही लिहिलं होतं. ते वाक्य बहुतेक धर्मग्रामांनी वाचून बाजूला ठेवलं.

मराठीची गोष्ट मात्र १९६३ ला सुरू होत नाही. इंग्लंडमधून आलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं, रोमन लिपीत, पण मराठी ओव्यांत. जवळपास अकरा हजार ओव्या. लोकांकडे पुराणं होती, ती पोथी लावून ऐकायची सवय होती. स्टीफन्सने ती सवय तशीच ठेवली आणि कथा बदलली. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये ते गायलं जाई. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यात स्थानिक भाषेवर बंदीचं फर्मान काढलं. छापील प्रती नाहीशा झाल्या. १६१६ च्या आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. पुराण वाचलं ते गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांमुळे. त्यांनी ते हाताने उतरवून ठेवलं, गात राहिले, आणि त्या हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं. सरकारने भाषा बंद केली, पण उपवासकाळात घरात बसून ओवी म्हणणाऱ्या बाईचं तोंड कोण बंद करणार?

उत्तर कोकणाचंही स्वतःचं पुराण आहे. फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांचं येशूच्या दुःखसहनावरचं पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापलं गेलं, आणि त्याची भाषा आपल्या बाजूची, मुंबई-साष्टीकडची आहे. स्टीफन्सच्या तुलनेत ते ओबडधोबड आहे. अभ्यासकांनी त्याला नाकं मुरडली आहेत आणि काव्य म्हणून त्यांचं चुकलंही नाही. पण उपवासकाळात घराघरांत जे गायलं गेलं, ते हेच ओबडधोबड पुराण.

इथे मला जरा अडचणीचं बोलायचं आहे. गीताचं सामर्थ्य काव्यगुणावर ठरतं, असं मला फार वर्षं वाटत होतं. मराठी शिकवणाऱ्याला तसं वाटावंच लागतं, नाहीतर पगार कशाचा? एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं करून घेतली आणि ती मूळ इंग्रजी चालींवर बसवली. इंग्रजी चालीत ठोका ठरलेल्या जागी पडतो. मराठी शब्दात तसा आघात नसतो, ऱ्हस्व-दीर्घ असतात. त्यामुळे या गीतांत ऱ्हस्व अक्षरं रबरासारखी ताणली जातात, विभक्तिप्रत्ययावर जोर येतो आणि मूळ शब्द गिळला जातो. छंदाच्या दृष्टीने हा छळ आहे. आणि तरीही अहमदनगरच्या, सोलापूरच्या, मिरजेच्या चर्चमध्ये हीच गीतं म्हणताना म्हाताऱ्या माणसांचे आवाज कापताना मी ऐकले आहेत.

याच छळातून मराठी गीताला सोडवलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. जन्म १८६१, करजगाव, बाप्तिस्मा १८९५. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी तो पूल पाडला नाही. अभंग, ओवी, भजन, कीर्तन सगळं सोबत घेतलं. ‘उपासना संगीत’ या मराठी प्रॉटेस्टंट गीतसंग्रहात त्यांची शेकडो पदं आहेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्यांचं जे चित्र काढलं आहे, त्यात हा गृहस्थ घरदार, पैसा, वेळ यांपैकी कशाचाही हिशेब ठेवत नाही, पदं मात्र नेटकी, अक्षराला अक्षर जुळलेली. टिळकांचं पद टाळ-मृदंगावर सुरू झालं की ख्रिस्ती नसलेला माणूसही मान डोलावतो. नगरच्या मंडळींना भजनाला बसल्यावर मी पाहिलं आहे. आपण वसईकर कॅथलिक तसे बसत नाही. आपण बाकावर बसतो, आणि तिथेच आपलं थोडं नुकसान झालं असं माझं मत आहे. कोणाला राग आला असेल तर चहाच्या वेळी भांडू.

तर काव्यगुण असूनही गीत भिडतं आणि नसूनही भिडतं. मग उरतं काय? उरतो वापर. गीत कितीदा, कोणाबरोबर आणि कोणत्या प्रसंगी म्हटलं गेलं, हे. लोणच्याला जसा बरणीत वेळ द्यावा लागतो तसा गीतालाही द्यावा लागतो, आणि त्याची बरणी म्हणजे लग्नघर आणि मयताचं घर.

आपल्याकडच्या मयताच्या घराचं एक टिपण सांगतो. ओटीवर शवपेटी ठेवलेली. रोझरी संपली आहे, फादर अजून यायचे आहेत, मधली वेळ जाता जात नाही. पुरुष अंगणात खुर्च्यांवर, मोबाइल हातात. आत एक बाई गुणगुणल्यासारखं एक जुनं मराठी गीत धरते. दुसऱ्या ओळीला चार बायका येतात. तिसऱ्या ओळीला अंगणातला एक पुरुष मोबाइल खिशात घालतो आणि अर्धी मात्रा उशिरा, ओशाळलेल्या आवाजात मिसळतो. मयताची मुलगी तोवर व्यवस्थित सगळ्यांना पाणी देत असते, कोण कुठून आलं विचारत असते. कडवं संपता संपता तिच्या हातातला तांब्या दुसरं कोणीतरी घेतं. गीतात मरणाबद्दल अक्षरही नसतं. पण तिच्या आजीच्या वेळी ते म्हटलं होतं, बापाच्या वेळी म्हटलं होतं.

२०१३ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. गीताची ओळ सगळ्यांना एकाच वेळी श्वास घ्यायला लावते आणि त्यामुळे ठोक्यांचा वेगही सगळ्यांचा बरोबरीने कमीजास्त होतो, असं त्यांना दिसलं. त्यांनी गायला दिलेल्या गोष्टींत एक जुनं स्वीडिश भक्तिगीतही होतं. ओटीवरच्या त्या बायकांना हे सांगितलं तर त्या म्हणतील, हे मोजायला यंत्र कशाला?

पंथाचा आणि धर्माचा उंबरठा ही गीतं फारशी जुमानत नाहीत. ‘लीड, काइंडली लाइट’ हे गीत न्यूमन यांनी जून १८३३ मध्ये लिहिलं. सिसिलीत तापाने मरता मरता वाचलेला हा तरुण अँग्लिकन धर्मगुरू संत्री भरलेल्या जहाजातून मार्सेलला निघाला होता आणि वारा पडल्यामुळे जहाज समुद्रात अडकून पडलं होतं. पुढे तो कॅथलिक झाला, कार्डिनल झाला, २०१९ मध्ये संत ठरला. गांधीजींना हे गीत इतकं प्रिय, की नरसिंहराव दिवेटियांनी त्याचं गुजराती रूपांतर केलं आणि ते आश्रमाच्या प्रार्थनेत आलं. आश्रमाच्या भजनावलीचे संपादक आणि प्रार्थनेतले गायक होते आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे, विष्णू दिगंबरांचे शिष्य. १९२४ मध्ये दिल्लीत गांधीजींनी हिंदू-मुस्लीम ऐक्यासाठी २१ दिवसांचा उपवास केला, तो ८ ऑक्टोबरला सुटला. त्या वेळी आश्रमातल्या इमामसाहेबांनी कुराणातल्या आयती म्हटल्या, गांधीजींचे मित्र चार्ली अँड्र्यूज यांनी आयझॅक वॉट्स यांचं क्रुसावरचं गीत गायलं, विनोबांनी उपनिषदांतले मंत्र म्हटले आणि त्यांचे भाऊ बाळकोबा यांनी ‘वैष्णव जन’.

गांधीजींचं आणखी एक आवडतं गीत, ‘अबाइड विथ मी’, दिल्लीत बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यात १९५० पासून वाजत असे. २०२२ मध्ये ते वगळलं आणि त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आलं. यावर बरंच रण माजलं. मला त्यात गंमत वाटली ती वेगळी: डोळे पुसायला लावणाऱ्या एका संथ गीताच्या जागी डोळे पुसायला लावणारं दुसरं संथ गीतच शोधावं लागलं, आणि ते पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चाल लावलेलं निघालं.

ऑगस्टीनला या सगळ्याचा संशय होता, हेही सांगायला हवं. त्याच ग्रंथात पुढे तो लिहितो, की गायलं काय जातंय यापेक्षा गाण्यानेच मी जास्त हललो, तर ते मला पाप वाटतं. तेव्हा वाटतं की गाणाऱ्याला ऐकलंच नसतं तर बरं. संशय रास्त आहे. चर्चमध्ये गीत ऐकून रडलेला माणूस बाहेर पडून भावाच्या बांधावर अतिक्रमण करतो, हे आपल्या तालुक्यात घडत नाही असं कोण म्हणेल? गहिवर म्हणजे भक्ती नव्हे. पण तोच ऑगस्टीन शेवटी गायनाच्या बाजूने कौल देतो, जरासा कचरत, कारण त्याला स्वतःचे जुने अश्रू आठवतात.

माझी तक्रार आजच्या आपल्या चर्चमधल्या गायनाबद्दल आहे आणि ती मी थोडक्यात मांडतो. प्रत्येक सणाला नवीन गीत, प्रत्येक नोव्हेनाला नवीन चाल, की-बोर्डवर तयार ठेका, गायनवृंदाच्या हातात चार माइक. मुलं गुणी आहेत, काही चाली खरोखर सुरेख आहेत. पण पडद्यावर शब्द येतात, लोक वाचत वाचत दुसऱ्या कडव्यापर्यंत पोहोचतात, आणि पुढच्या वर्षी ते गीत नसतं. जे गीत कोणाच्या मयताला म्हटलंच गेलं नाही, ते कोणाला कसं आठवणार? शिवाय या चालींची झेप व्यासपीठावरच्या गायकासाठी असते. तार सप्तकात गेलेली ओळ बाकावरच्या काकांना झेपत नाही, ते गप्प होतात, आणि एकदा गप्प झालेला माणूस पुन्हा गात नाही.

म्हणून गायनवृंदांच्या प्रमुखांना माझी विनंती आहे. पापडी, सांडोर, गिरीज, नंदाखाल, निर्मळ, पाचूबंदर, सगळ्यांना. वर्षभरासाठी दहा-बारा गीतं पक्की करा, आगमनकाळाची, उपवासकाळाची, अंत्यविधीची, आणि ती दहा वर्षं बदलू नका. पट्टी दोन सूर खाली आणा. एका कडव्याला माइक आणि की-बोर्ड दोन्ही बंद ठेवा. पहिल्या महिन्यात फार केविलवाणं ऐकू येईल. ऐकू येऊ द्या.

दुसरी विनंती तरुणांना, आणि ती तातडीची आहे. लॅटिनमध्ये लितानी गाऊ शकणारी वसईतली शेवटची पिढी आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. उपवासकाळातली जुनी पदं, लग्नातली कादोडी गाणी ज्यांना येतात, त्याही बहुतेक त्याच वयाच्या. तुमच्या खिशात रेकॉर्डर आहे. येत्या रविवारी जेवणानंतर आजीजवळ बसा, पंखा बंद करा, म्हणजे आवाज स्वच्छ येईल, आणि तिला म्हणू द्या. मध्येच अडली तर मागून पुन्हा सुरू करेल, थांबा. शेजारणीला बोलवा म्हणाली तर बोलवा, कारण यांतलं बरंच एकटीला आठवत नाही, दोघींना आठवतं. नाव, गाव आणि तारीख शेवटी तिच्याच तोंडून बोलून घ्या. आणि कृपा करून तिचं लॅटिन दुरुस्त करू नका.